फूड ट्रेलर काढायचा आहे? नागपुरातून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि काउंटरवर पोहे खाता खाता विचारले गेलेले आहेत. तेच तेच पुन्हा येतात म्हणून एकत्र केले. प्रत्येकाला क्रमांक दिलाय. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला क्रमांक सांगितलाय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण निम्मे प्रश्न तिथेच येऊन अडतात: आधी जागा, मग मेनू, मग गाडी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

१. फूड ट्रेलर म्हणजे फूड ट्रकच ना?

नाही. ट्रकला स्वतःचं इंजिन असतं. ट्रेलर दुसऱ्या गाडीला जोडून ओढावा लागतो. ओढणारी गाडी गॅरेजला गेली तरी धंदा बंद पडत नाही, हा ट्रेलरचा मोठा फायदा. पण तो मागे घ्यायला सराव लागतो आणि वळायला जागा लागते. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत धंदा करायचा असेल तर ट्रेलरचा विचार सोडा, तिथे हातगाडीच बरी. रोज एकाच ठिकाणी उभं राहायचं असेल तर ट्रेलर, आज इथे उद्या तिथे करायचं असेल तर ट्रक.

२. सगळं मिळून किती पैसे लागतील?

गाडीचा आकडा फॅब्रिकेटर सांगेल. तीन ठिकाणची कोटेशन्स घ्या, फरक बघून चकित व्हाल. पण गाडी हा खर्चाचा एक भाग झाला. शेगड्या, भांडी, फ्रीझर, जागेचं डिपॉझिट, कागद, पहिला माल हे सगळं वेगळं. आणि जे कोणीच धरत नाही ते म्हणजे पहिल्या तीन महिन्यांचा हप्ता, पगार आणि जागाभाडं. गिऱ्हाईक बसायला वेळ लागतो आणि हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. ही रक्कम बाजूला नसेल तर गाडी छोटी घ्या. महिन्याचा हिशेब प्रश्न १३ मध्ये आहे.

३. कागद कोणकोणते लागतात?

पहिला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा. अर्ज फॉस्कॉस या पोर्टलवर होतो. लहान धंद्याला नोंदणी पुरते, उलाढाल वाढली की राज्य परवाना लागतो. मर्यादा आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरच बघा. मिळणारा १४ अंकी क्रमांक काउंटरवर दिसेल असा लावायचा आणि बिलावरही छापायचा.

मसाला, रस्सा किंवा पाटोड्या घरी करून आणणार असाल तर ते घरचं स्वयंपाकघरही अन्नसुरक्षेच्या नियमांत येतं, त्याचीही नोंद करून घ्या. काम करणाऱ्या प्रत्येकाचं, म्हणजे तुमचंसुद्धा, वर्षाला वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र लागतं.

मग दुकाने व आस्थापना कायदा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार कामगार ठरलेल्या संख्येपेक्षा कमी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटला हात जोडा. उरले दोन कागद, जागेचा आणि गाडीचा. त्यांच्यासाठी प्रश्न ४ आणि ७.

४. रस्त्यावर लावायला महानगरपालिकेची परवानगी कशी मिळते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून लोक सगळ्यात जास्त नाराज होतात तेही इथेच.

रस्त्यावरच्या विक्रीसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार शहरात नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधले असतात. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायचं असतं, त्यात नाव आलेल्यांना विक्री प्रमाणपत्र मिळतं, आणि शहराचे विक्री क्षेत्र, मर्यादित विक्री क्षेत्र, ना-विक्री क्षेत्र असे भाग पाडले जातात. दोन सर्वेक्षणांच्या मधे नवीन माणूस अर्ज करू शकतो, पण अर्ज केला म्हणजे जागा मिळाली असं नाही. विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंतच धरलेली आहे.

चौकशी आपल्या झोन कार्यालयात करा. लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी असे दहा झोन आहेत. जिथे उभं राहायचंय ती जागा ज्या झोनमध्ये येते तिथे जायचं, तुमचं घर कुठे आहे याचा संबंध नाही. जाताना जागेचा फोटो आणि रस्त्याची रुंदी टिपून न्या. आठ फुटी गाडी, तिच्यापुढे उभं राहणारं गिऱ्हाईक आणि त्यांच्या दुचाक्या, एवढं धरून रस्ता मोकळा राहतो का, हे साहेबांनी विचारायच्या आधी तुम्हीच मोजलेलं बरं.

आणि "अमक्या भाऊंना विचारलंय, लाव म्हणाले" याला परवानगी म्हणत नाहीत. भाऊ बदलतात.

५. खासगी जागेत लावलं तर ही कटकट वाचते का?

रस्त्याची वाचते. पेट्रोल पंपाचं आवार, हॉस्पिटलचा पार्किंगचा कोपरा, हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपनीचं गेट, कॉलेजचं कॅन्टीन बंद पडलंय ती जागा, मिहानमधल्या ऑफिसांचं आवार, लग्नाचे लॉन... नवीन माणसाला मी आधी हेच सांगतो.

पण करार लेखी हवा. वीज कोण देणार, पाणी कोण देणार, रात्री गाडी तिथेच राहणार का, दुसऱ्या खाण्याच्या गाडीला जागा देणार का, आणि काढून टाकायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, हे पाच मुद्दे त्यात नसतील तर तो करार नाही. जागेचं तोंड रस्त्याकडे आणि तुमचा काउंटरही रस्त्याकडे असेल तर गिऱ्हाईक फुटपाथवरच उभं राहणार आणि मग मनपा येणारच. काउंटर आतल्या बाजूला ठेवा. एफएसएसएआयची नोंदणी खासगी जागेतही लागतेच.

६. नोकरी सांभाळून संध्याकाळी चालवता येईल का?

मनपाच्या प्रमाणपत्रावर नाही. ते घेताना "उपजीविकेचं दुसरं साधन नाही" आणि "मी स्वतः किंवा घरचा माणूस धंदा करेल" असं लिहून द्यावं लागतं. पगारदार माणसाने ते लिहून देणं म्हणजे खोटं लिहिणं. खासगी जागेवर ही अट नाही, तिथे घरच्यांच्या नावाने किंवा माणूस ठेवून करता येतं. सरकारी नोकरीत असाल तर तुमचे सेवानियम आधी वाचा.

७. ट्रेलरची आरटीओत नोंदणी करावी लागते का? सगळे तर बिननंबरचे फिरतात.

फिरतात, आणि अपघात झाला की त्यांना विमा कंपनी दारात उभं करत नाही. मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही आहे. तो सार्वजनिक रस्त्यावर ओढायचा असेल तर नोंदणी आणि किमान थर्ड पार्टी विमा हवा. फॅब्रिकेटरला पहिला ॲडव्हान्स देण्याआधी विचारा: मॉडेलला मान्यता आहे का, नोंदणीसाठी लागणारे कागद बिलासोबत देणार का? "नंतर करून देऊ" असं उत्तर आलं तर दुसरा बघा. शहर एमएच ३१, पूर्व नागपूर एमएच ४९, ग्रामीण एमएच ४०. पत्त्याप्रमाणे तुमचं कार्यालय ठरतं.

जुना छोटा हत्ती कापून त्याचा फूड ट्रक करणाऱ्यांनीही ऐका. आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या बांधणीत बदल करता येत नाही.

आणखी एक. वाहनविम्यात आतला फ्रीझर, शेगडी, माल आपोआप येत नाही. त्यासाठी आगीची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

८. गाडी बनवायला टाकताना काय बघायचं?

वजन. बाकी सगळं नंतर. १०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे १०० किलो, भरलेलं १९ किलोचं कमर्शियल सिलिंडर लोखंडासकट १९ च्या जवळपास दुप्पट, वर फ्रीझर, शेगड्या, आणि आत दोन माणसं. हे सगळं एका बाजूला आलं तर ट्रेलर रस्त्यावर डोलतो. टाकी शक्यतो चाकांच्या ॲक्सलच्या वर, पुढे-मागे नाही. कच्चा आराखडा कागदावर काढून प्रत्येक वस्तूचं वजन लिहा आणि तो कागद फॅब्रिकेटरच्या हातात द्या.

मग पत्रा. जिथे अन्न लागतं तिथे ३०४ ग्रेडचं स्टील मागा. स्वस्तात २०२ लावून देतात, ते मिठाच्या-लिंबाच्या पाण्याने लवकर डागाळतं. चुंबक लावून फरक कळतो असं सांगणारे भेटतील. नवीन पत्र्यावर दोन्हीला चुंबक जवळपास चिकटत नाही. स्टीलवाल्यांकडे चाचणीचं रसायन असतं, त्याचा एक थेंब तुमच्यासमोर टाकायला लावा, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. बाहेरून चकाचक दिसणारे एसीपीचे (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलचे) पत्रे शेगडीच्या मागे नकोत. साध्या एसीपीच्या पोटात प्लास्टिक असतं आणि ते पेटतं.

काउंटरची उंची बाहेरून मोजा, आतून नाही. ट्रेलरची फरशी जमिनीपासून दीड-दोन फूट वर असते, त्यामुळे आतून बरोबर वाटणारा काउंटर बाहेरच्या ताईंच्या नाकाशी येतो. चारही कोपऱ्यांना जॅक घ्या. आणि दार बाहेर उघडणारं घ्या. आग लागली तर आत ओढायला वेळ नसतो.

९. घरचं सिलिंडर चालेल का? सगळे वापरतात.

चालत नाही. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे आणि पकडलं तर सिलिंडर जप्त होतं. १९ किलोचं कमर्शियल घ्या. जागा कमी असेल तर ५ किलोची छोटी सिलिंडरंही मिळतात.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली बसतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला झरोका तळाशी हवा, वरच्या जाळीने काम होत नाही. कप्पा बाहेरून उघडणारा आणि आतल्या बाजूने बंद ठेवा. दर काही दिवसांनी सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले की धंदा थांबवा. काडी ओढून तपासणारे अजून आहेत. अग्निशामक दाराजवळ ठेवा, शेगडीमागे ठेवलेला पेटल्यावर हाती लागत नाही.

१०. वीज कुठून घ्यायची? बॅटरीवर फ्रीझर चालेल का?

चालेल, पण हिशेब करून. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी ९०० उरले. दिवे ४०, पंखा ६०, आणि १२० वॅटचा फ्रीझर निम्मा वेळ चालतो असं धरलं तर सरासरी ६०. एकूण १६० वॅट. साडेपाच तास झाले. हे थंडीतलं गणित. मे महिन्यात फ्रीझर थांबतच नाही. मिक्सर, ओव्हन, इंडक्शन यात धरायचेच नाहीत. खासगी जागेवर सबमीटर लावून घेणं सगळ्यात सोपं. शेजारच्या दुकानातून रस्त्यावरून वायर ओढू नका.

११. मेनूत काय ठेवू? तर्री पोहा, सावजी, चायनीज, मोमो सगळं ठेवलं तर?

सगळं ठेवलं तर काहीच चालणार नाही. आठ फुटांत दोन माणसं उभी राहतात, त्यांना चार हात असतात.

तर्री पोहा ट्रेलरसाठी बनल्यासारखा आहे. चणे रात्री भिजत घालायचे, पहाटे रस्सा उकळायचा, पोहे जाड घ्यायचे आणि भिजवून पाणी पूर्ण निथळू द्यायचं. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोह्यांची परात ठेवून वर ओलं फडकं टाकलं की ते तासन् तास मऊ आणि गरम राहतात. देताना काम एवढंच: पोहे, वरून चण्याची तर्री, कांदा, सांभार (कोथिंबीर), लिंबाची फोड. पण नागपूरकराला पोहे चुकीचे चालतात, तर्री पातळ चालत नाही. दहा वाजता पाणी घालून तर्री वाढवली की उद्या तो येत नाही, आणि का येत नाही हे सांगतही नाही.

सावजीची फर्माईश मला नेहमी येते. माझं मत विचाराल तर ट्रेलरवर नको. मसाला भाजण्यापासून मटण शिजेपर्यंत जो वेळ लागतो तो तिथे मिळत नाही, आणि सावजी खाणारा माणूस बसून, भाकरी मोडून, घाम पुसत खाणारा असतो. उभ्याने खाणाऱ्यांसाठी पाटोडी रस्सा बरा. पाटोड्या करून आणायच्या, रस्सा उकळता ठेवायचा. हिवाळ्यात सांभार स्वस्त झाला की सांभारवडी ठेवा, चार महिन्यांनी बंद करा. हंगामी पदार्थाची लोक वाट बघतात.

१२. मे महिन्यात करायचं काय? ४५ डिग्रीत कोण येतं?

दुपारी कोणी येत नाही, तुम्हीही उभे राहू नका. पत्र्याच्या खोलीत दोन शेगड्या पेटवून दुपारी दोनला उभं राहून बघा, उत्तर मिळेल. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी सातनंतर, एवढाच उन्हाळ्याचा धंदा. छताला आतून पफचा (उष्णता अडवणाऱ्या फोमचा) थर बनवतानाच घालून घ्या, नंतर घालायला दुप्पट खर्च.

खरी काळजी अन्नाची. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू वाढतात. म्हणजे तर्री मंद आचेवर ६० च्या वर ठेवायची, दही-चटणी ५ च्या खाली, आणि या दोन्हींच्या मधे कुठलाही शिजलेला पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. नागपूरचा उन्हाळा स्वतःच ४५ चा, त्यामुळे "बाहेर ठेवलं" म्हणजे जंतूंना आवडेल अशाच उबेत ठेवलं. ओल्या खोबऱ्याची चटणी या दिवसांत बंद ठेवा. बर्फ खाण्याचाच घ्या. निळसर बर्फ उद्योगांसाठीचा असतो, तो ग्लासात टाकायचा नाही.

१३. प्लेटचा भाव कसा ठरवायचा? शेजारचा २५ ला देतो.

शेजाऱ्याचा हप्ता तुम्ही भरत नाही, त्यामुळे त्याचा भाव तुमचा भाव नाही. उदाहरण घेऊ, आकडे तुमचे घाला.

समजा प्लेट ३० रुपयांची. कच्चा माल १२, प्लेट-चमचा-कागद २, गॅस १. हाती राहिले १५. आता महिन्याचा ठरलेला खर्च: ५ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता जवळपास ११,०००. मदतनीस १२,०००, जागा ६,०००, वीज-पाणी-सफाई ४,०००, दुरुस्तीसाठी बाजूला ३,०००. झाले ३६,०००. भागिले १५, म्हणजे २,४०० प्लेटा. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ९२ प्लेटा विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. स्वतःला २०,००० घ्यायचे तर रोज १४४.

आता सकाळचे चार तास घ्या. १४४ प्लेटा म्हणजे दर १०० सेकंदांना एक. तेवढ्यात प्लेट द्यायची, पैसे घ्यायचे, सुट्टे शोधायचे आणि "तर्री अजून टाक ना भाऊ" ऐकायचं. हे जमणार नसेल तर भाव वाढवा, दुसरा पदार्थ जोडा किंवा कर्ज कमी घ्या. उधारी तर गल्ल्याजवळही येऊ देऊ नका.

१४. कर्ज किंवा अनुदान कुठलं मिळेल?

विक्री प्रमाणपत्र किंवा मनपाचं शिफारसपत्र असेल तर पीएम स्वनिधी, म्हणजे पथविक्रेत्यांची कर्जयोजना. त्यात पहिलं कर्ज १५,०००, वेळेवर फेडलं की २५,०००, मग ५०,०००. यात ट्रेलर येत नाही, माल आणि भांडी येतात. ट्रेलरसाठी मुद्रा बघा: शिशू ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. पीएमईजीपीत (केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेत) अनुदान आहे, पण प्रकल्प अहवाल, मंजुरी आणि पडताळणीला वेळ लागतो, उद्या दुकान उघडायचंय अशा माणसाने त्यावर बसू नये. जागेचा कागद नसलेला अहवाल बँकेत पहिल्याच टेबलावर थांबतो.

१५. जीएसटी लागेल का? झोमॅटो-स्विगीवर गेलो तर?

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. वर गेलात तर कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या सोप्या करयोजनेत) ५ टक्के भरून मोकळं होता येतं. ॲपवरून गेलेल्या ऑर्डरींचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲपवालेच भरतात. पण त्यांचं कमिशन प्रश्न १३ च्या हिशेबात घालून बघा. ३० च्या प्लेटला ते परवडत नाही.

१६. पथकाने गाडी किंवा माल उचलला तर?

जप्त मालाची यादी तिथेच सहीनिशी मागा. २०१४ च्या कायद्याप्रमाणे दंड भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. प्रमाणपत्र असलेल्याला जागेवरून हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. प्रमाणपत्राच्या प्रती दोन ठेवा, एक गाडीत, एक घरी. गाडीबरोबरच कागदही उचलले गेले तर दाखवणार काय?

१७. बाबांच्या नावाचं प्रमाणपत्र होतं, ते गेले. आता मी चालवू शकतो का? किंवा भाड्याने देऊ?

विक्रेता वारला किंवा कायमचा अपंग झाला तर मुदत संपेपर्यंत त्याचा जोडीदार किंवा त्याच्यावर अवलंबून असलेलं मूल धंदा चालवू शकतं. भाड्याने देता येत नाही, विकताही येत नाही. "लायसन्ससकट गाडी विकणे आहे" अशी जाहिरात दिसली तर तुम्ही फक्त पत्रा विकत घेताय हे समजून भाव करा.

१८. दुसरा ट्रेलर काढला तर तेच कागद चालतील?

उद्यम तेच. एफएसएसएआय आणि आरटीओ नोंदणी दुसऱ्या गाडीला वेगळी. मनपाच्या प्रमाणपत्रावर दुसरी गाडी नाही, कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

१९. दीक्षाभूमी, विधिमंडळाचं अधिवेशन, जामठ्याची क्रिकेट मॅच, इथे गाडी लावली तर चांदी होईल ना?

तिन्हींचं गणित वेगळं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, पण ठिकठिकाणी संस्था-संघटना मोफत जेवण देतात. तिथे जेवण विकण्यापेक्षा पाणी, चहा चालतो. डिसेंबरच्या अधिवेशनात सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद होतात, पास नसेल तर ट्रेलर आतच जाणार नाही. स्टेडियमच्या आत विक्रीचे हक्क आयोजकांकडे असतात, बाहेर वर्धा रोडवर थांबायला पोलीस देत नाहीत. तात्पुरती परवानगी लेखी हातात असेल तरच माल भरा.

२०. प्लास्टिकची प्लेट, वर्तमानपत्र, उरलेलं तेल?

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीचा दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तुरुंगवास. स्टीलच्या प्लेटा घेत असाल तर धुण्याच्या पाण्याची सोय दुप्पट धरा आणि सांडपाण्याची टाकी पिण्याच्या टाकीपेक्षा मोठी घ्या. वर्तमानपत्राची शाई खाण्याची नसते, भजी त्यात देऊ नका. तळणीच्या तेलातले टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायला बंदी आहे. फेस येतोय, काळं पडलंय, लवकर धुरतंय, म्हणजे मोजायची वाट बघू नका. ते नालीत ओतायचं नाही. जैवइंधनासाठी जमा करणारे असतात, त्यांना द्या आणि पावती घ्या.

२१. नाही जमलं तर ट्रेलर विकला जातो का?

जातो, पण नोंदणी, फॅब्रिकेटरचं बिल आणि स्टीलच्या ग्रेडचा पुरावा असेल तरच चांगला भाव येतो. ट्रेलर घेणारा आधी खाली वाकून चासी बघतो, मग तुमचा बोर्ड वाचतो. विकल्यावर आरटीओत नाव बदलून द्या, एफएसएसएआयची नोंदणी पोर्टलवर परत करा आणि कमर्शियल गॅसचं कनेक्शन स्वतःच्या नावावरून काढा. हे तिन्ही होईपर्यंत त्या गाडीवर काहीही झालं तरी फोन तुम्हालाच येणार.